गव्हाणीतले बाळ गावचेच: रिविसोंदोलीच्या जिवंत देखाव्याचा प्रकरण अभ्यास

मध्य इटलीच्या अब्रुत्सो प्रदेशात, लाक्विला जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३२० मीटर उंचीवर रिविसोंदोली हे डोंगरी गाव आहे. वस्ती सातशेच्या आतबाहेर. १९५१ पासून या गावात ५ जानेवारीला, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, येशूजन्माचा देखावा माणसे आणि जनावरे घेऊन उभा केला जातो. इटालियन भाषेत त्याला ‘प्रेसेपे विवेंते’ म्हणतात. पुण्याच्या गणेशोत्सवात मंडळाचे कार्यकर्ते स्वतःच पात्रे होऊन जे सादर करतात, त्याला आपण जिवंत देखावा म्हणतो. तोच शब्द येथे चपखल बसतो, म्हणून या लेखात मी तोच वापरला आहे. रिविसोंदोलीचा देखावा इटलीतल्या जुन्या जिवंत देखाव्यांपैकी एक मानला जातो, आणि त्याचा कणा म्हणावी अशी एक प्रथा आहे: गव्हाणीत ठेवायचे बाळ हे परंपरेने गावात सर्वांत अलीकडे जन्मलेले मूल असते.

या अभ्यासाचा विषय ही प्रथाच आहे. राजाची भूमिका कोणीही करू शकतो, देवदूताचे पंख कोणाच्याही पाठीला बांधता येतात, मेंढ्या शेजारच्या गावातून आणता येतात. पण ताजे जन्मलेले मूल उसने आणले की प्रथा मोडते. सातशे वस्तीच्या गावाने अशी अट स्वतःवर घालून घ्यावी आणि ती सत्तर वर्षांहून अधिक काळ सांभाळावी, यामागे काय आहे आणि ज्या देशात पाळणे वर्षागणिक कमी होत आहेत तेथे ही अट कशी पेलायची, हे दोन प्रश्न माझ्यासमोर आहेत.

सुरुवात मात्र आठशे वर्षांपूर्वीच्या एका रिकाम्या गव्हाणीपासून करावी लागते. ‘प्रेसेपे’ हा शब्द लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, जनावरांना वैरण घालायची गव्हाण असा आहे. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ हे शब्द परिचित आहेत. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी रिएतीच्या खोऱ्यातील ग्रेच्चो या गावी, डोंगराच्या कपारीत, अशी एक गव्हाण मांडली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांच्या संघाच्या नियमांना मान्यता दिली होती. नाताळला पंधरा दिवस उरले असताना फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोच्या जोवान्नी नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाला बोलावून घेतले आणि बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाला ज्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या त्या आपल्याला या डोळ्यांनी पाहायच्या आहेत, असे सांगितले. जोवान्नीने गवत पसरले, बैल आणि गाढव आणून बांधले. आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले. गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण झाली आणि फ्रान्सिस यांनी उपयाजक (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक) या नात्याने शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचरित्र, गाऊन वाचले. त्यांचे पहिले चरित्रकार लिहितात की ‘बेथलेहेम’ हा शब्द फ्रान्सिस मेंढीच्या बें-बें करण्यासारखा उच्चारीत आणि तो उच्चारताना ओठांवरून जीभ फिरवीत, जणू त्या शब्दाची गोडी चाखत आहेत.

या वर्णनात मरिया नाही, योसेफ नाही आणि बाळही नाही. गव्हाणीत एक निश्चल मूल निजले आहे आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते जागे होत आहे, असा दृष्टान्त तिथल्या एका सज्जनाला झाला, एवढेच चरित्रकार सांगतात. बैल आणि गाढव ही जोडी तरी शुभवर्तमानातील कोठे आहे? ती बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या पुस्तकातून आली आहे: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते. म्हणजे ज्याला सारे जग पहिला जिवंत देखावा म्हणते, त्यात जिवंत होती ती जनावरे आणि पाहायला आलेली माणसे. १ डिसेंबर २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी देखाव्याच्या महत्त्वाविषयीच्या पत्रावर सही केली, तीही ग्रेच्चोलाच. रिविसोंदोलीने पुढे जी भर घातली ती नेमकी या रिकाम्या जागी घातली, आणि माझ्या मते तिचे मोल तेथेच आहे.

हे चरित्रकार म्हणजे थोमास चेलानो. चेलानो हे त्यांचे गाव अब्रुत्सोतच आहे, आणि याच चेलानोहून पुलिया प्रदेशातील फोज्जाकडे जाणारी मेंढ्यांची जुनी वाट रिविसोंदोलीच्या परिसरातून जाते. तिला ‘त्रात्तुरो’ म्हणतात. ती पायवाट नव्हे. सुमारे १११ मीटर रुंद आणि दोनशे किलोमीटरहून लांब असा गवताचा पट्टाच तो, आणि त्यावर नांगर घालायला बंदी असे. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने या मेंढपाळीवर कर बसवून त्याची रीतसर कचेरी उभी केली. शरद ऋतूत थंडी पडू लागली की अब्रुत्सोचे पुरुष कळप घेऊन पुलियाच्या उबदार मैदानात उतरत आणि मे महिन्याच्या सुमारास परत चढून येत. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातले धनगर पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, त्याच जातीची ही चाल आहे. अशा हंगामी स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोने इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रिया या देशांच्या नावे मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

या गोष्टीचा देखाव्याशी संबंध फार जवळचा आहे. बर्फात उभे असलेले अब्रुत्सोचे मेंढपाळ हे चित्र पाहणाऱ्याला अगदी स्वाभाविक वाटते. पण शेकडो वर्षे डिसेंबर-जानेवारीत या गावांतले मेंढपाळ गावात नसतच. नाताळ बायका, म्हातारी माणसे आणि पोरे यांनीच साजरा करायचा, असा तो रिवाज होता. त्यामुळे रिविसोंदोलीचा देखावा जुन्या गावजीवनाची हुबेहूब नक्कल आहे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. जे कधी एकत्र नसत ते त्या एका संध्याकाळी एकत्र उभे राहतात. १९५१ मध्ये कळपांची ही चाल ओसरू लागली होती, हे ध्यानात घेतले तर त्या एकत्र येण्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो.

१९५१ या वर्षाकडे आणखी एका बाजूने पाहिले पाहिजे. १९४३ च्या शरदात जर्मन सैन्याने इटलीच्या आरपार जी संरक्षक फळी आखली, ती गुस्ताव्ह रेषा सांग्रो नदीच्या या खोऱ्याला लागूनच जात होती. गावे रिकामी करण्याचे हुकूम सुटले. शेजारचे रोक्काराझो जवळजवळ जमीनदोस्त झाले. तिथून जवळच्या पिएत्रान्सिएरी येथे २१ नोव्हेंबर १९४३ ला लिम्मारीच्या रानात १२८ नागरिक मारले गेले. त्यांत बायका होत्या, म्हातारे होते आणि अगदी लहान मुलेही होती. त्यानंतर अवघ्या सात-आठ वर्षांनी, तिथून हाकेच्या अंतरावर, एका गावाने आपले सर्वांत धाकटे मूल उघड्यावर आणून सर्वांसमोर गवतावर ठेवले. त्या संध्याकाळी कोणाच्या मनात काय होते याचा दाखला मी देऊ शकत नाही. तरीही या दोन घटना एकाच खोऱ्यातल्या, एकाच पिढीने पाहिलेल्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून वाचणे मला जमत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळतो. इटलीच्या लहान गावांत असे कार्यक्रम बहुधा नगरपालिका, चर्च आणि ‘प्रो लोको’ यांच्या खांद्यावर असतात. प्रो लोको म्हणजे गावच्या हितासाठी व प्रसिद्धीसाठी झटणारी स्वयंसेवकांची संस्था. पहिली १८८१ मध्ये त्रेंतिनोतील पिएवे तेझीनो येथे निघाली आणि १९६२ पासून त्यांचा राष्ट्रीय संघही आहे. आपल्या गणेश मंडळाची आठवण व्हावी असे तिचे काम चालते: वर्गणी, देणगीदार, कपड्यांच्या पेट्या, मांडव घालणारे हात आणि दरवर्षी त्याच दोन-तीन माणसांवर येऊन पडणारा भार.

हा भार अलीकडे वाढला आहे, आणि त्याला कारण आहे. ३ जून २०१७ ला तोरिनोच्या एका चौकात मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा अंतिम सामना पाहणाऱ्या गर्दीत घबराट पसरून हजाराहून अधिक लोक जखमी झाले. चारच दिवसांत पोलिसप्रमुखांनी परिपत्रक काढले आणि सार्वजनिक कार्यक्रमांसाठी प्रवेशाचे व बाहेर पडण्याचे वेगळे मार्ग, गर्दीची कमाल मर्यादा, वाहने अडवणारे अडथळे, प्रशिक्षित स्वयंसेवक अशा अटी आल्या. महानगराच्या चौकासाठी त्या रास्त होत्या. परंतु जेथे वर्षातला एकच मोठा कार्यक्रम होतो आणि जेथे गावच्या वाटा आधीच दोन माणसांच्या रुंदीच्या असतात, तेथे त्यांचा खर्च कार्यक्रमाच्या एकूण खर्चाच्या वर जाऊ लागला, आणि देशभरात अनेक लहान गावांनी आपल्या जत्रा व मिरवणुका त्या वर्षी रद्द केल्या. पुढे नियमांत धोक्याच्या प्रमाणात सवलती आल्या. जनावरांचे कागद निराळेच असतात. एखाद्या गोठ्यातून गाढव किंवा दहा मेंढ्या हलवायच्या तर ‘नमुना ४’ हा वाहतुकीचा दाखला लागतो आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवावे लागते. जोवान्नीला १२२३ मध्ये बैल आणायला पंधरा दिवस पुरले. आज तेवढे दिवस कागदांतच सरतील.

अब्रुत्सोच्या देखाव्यांत त्साम्पोन्या हे वाद्य वाजते. ते जवळून पाहण्यासारखे आहे. बकरीची किंवा मेंढीची अख्खी कातडी उलटी करून तिची पिशवी केलेली असते. पुढच्या पायाच्या जागी फुंकायची नळी आणि मानेच्या जागी लाकडी पावे बसवलेले असतात. वादक पिशवी काखेत दाबतो. पाव्यांच्या छिद्रांच्या कडांना मेण लावलेले असते. सूर चढला की वादक बोटाने मेण किंचित आत ढकलतो, उतरला की नखाने खरवडतो. बोरूच्या जिव्हाळ्या थंडीत रुसतात, म्हणून वाजवण्याआधी पिशवी आपल्या श्वासाने तापवून घ्यावी लागते. सोबतीला चारामेल्ला असते, आपल्या सनईची बहीण शोभावी अशी. अब्रुत्सो आणि मोलीझेचे हे वादक पूर्वी नाताळच्या आधी डोंगर उतरून रोम-नेपल्सच्या गल्लीबोळांत वाजवीत आणि मिळेल ते घेऊन घरी परतत. मेंढपाळाप्रमाणे तेही गावाबाहेर जाणारेच. ५ जानेवारीच्या संध्याकाळी मात्र त्यांचा सूर गावासाठी असतो.

आता मूळ प्रश्न. ‘गावात जन्मलेले’ याचा आज अर्थ काय? रिविसोंदोलीच्या हद्दीत प्रसूतिगृह नाही. मूल जन्मते ते खोऱ्यातल्या शहरी रुग्णालयात. इटलीत डिसेंबर २०१० मध्ये केंद्र आणि प्रदेश यांच्यात झालेल्या करारानुसार वर्षाला किमान १,००० प्रसूती हे प्रसूती विभागाचे प्रमाण ठरले आणि ५०० च्या खाली असलेले विभाग चालवू नयेत असे धोरण आले. या डोंगराळ भागाला जवळ असलेला सुल्मोनाचा विभाग ५०० च्या बराच खाली आहे, आणि तो ठेवावा की बंद करावा हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. बर्फाच्या दिवसांत घाटरस्त्याने गर्भवतीला किती दूर न्यावे, हा त्या वादाचा गाभा. १८९७ मध्ये सुरू झालेल्या सुल्मोना-इझेर्निया लोहमार्गावर रिविसोंदोली-पेस्कोकोस्तान्झो हे १,२६८ मीटर उंचीवरचे स्थानक आहे. ब्रेन्नेरो सोडले तर सरकारी रेल्वेवर याहून उंच स्थानक नाही. तिथली नेहमीची प्रवासी गाडी २०११ मध्ये थांबली आणि २०१४ पासून पर्यटकांसाठीच्या गाड्या धावतात. पाहुण्यांना गाव गाठणे सोपे झाले आणि गावकऱ्याला गाव सोडून काही गाठणे अवघड झाले, अशी ही स्थिती आहे.

म्हणून ‘गावचे मूल’ म्हणजे व्यवहारात नगरपालिकेच्या नोंदवहीत ज्याचे नाव सर्वांत शेवटी लिहिले गेले ते मूल. लूकच्या शुभवर्तमानातील येशूजन्माची कथा अशाच एका नोंदीपासून सुरू होते: सम्राटाने नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला, म्हणून योसेफ गर्भवती मरियेला घेऊन आपल्या मूळ गावी निघाला, आणि घरापासून दूर, जागा नसलेल्या गावात ती बाळंत झाली. रिविसोंदोलीच्या देखाव्यात ही नोंदवही कोणी मंचावर आणत नसेल, पण तिच्याशिवाय देखावा उभा राहत नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म इथे आहे. हा देखावा म्हणजे गावाने वर्षातून एकदा स्वतःची केलेली शिरगणती आहे. कोण आले, कोण गेले, अंगरखा कोणाला आखूड झाला, म्हाताऱ्या मेंढपाळाची काठी यंदा कोणाच्या हातात आली, आणि शेवटी: यंदा मूल आहे का?

इटलीत २००८ मध्ये सुमारे ५ लाख ७७ हजार बालके जन्मली; २०२४ मध्ये हा आकडा ३ लाख ७० हजारांवर आला आणि स्त्रीमागे सरासरी अपत्यांचे प्रमाण १.१८ वर घसरले. सातशे वस्तीच्या डोंगरी गावात या प्रमाणाने वर्षाला चार-पाच जन्म होणे हीसुद्धा मोठी गोष्ट म्हणावी लागेल. दोन-तीनच होतील, आणि एखादे वर्ष कोरडेही जाऊ शकेल. अशा गावांसाठी २०१७ मध्ये पाच हजारांखालील वस्तीच्या नगरपालिकांना आधार देणारा १५८ क्रमांकाचा कायदा झाला. कायदा शाळेची इमारत राखू शकतो आणि जुनी घरे दुरुस्त करू शकतो. पाळणा हलवणे त्याच्या हातात नाही.

प्रथा बदलून सोय पाहण्याचे मार्ग दिसतात. सिसिलीतील कुस्तोनाची येथे मान्जापाने गुहेत, जिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसे खरोखर राहत होती, नाताळात मोठा जिवंत देखावा भरतो. तिथे पाहणाऱ्याचे मन गुंतते ते बुरूड, लोहार, चर्मकार, पीठ दळणारी बाई यांच्यात. जुने हुन्नर येणारे म्हातारे तिथे आपली हत्यारे घेऊन बसतात आणि गव्हाण वाटेच्या शेवटी येते. तो देखावा मला अस्सल वाटतो, परंतु त्याचा भार गेलेल्या काळावर आहे. हात थरथरू लागले की तो हुन्नर संपतो. रिविसोंदोलीचा भार उलट बाजूला, अजून बोलताही न येणाऱ्या जिवावर आहे. याच्याशी अधिक जुळणारे उदाहरण गोव्यात सापडते. ६ जानेवारीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडला जातो, तिघे घोड्यांवरून तीन वेगळ्या वाटांनी कुएलीच्या टेकडीवरील रेमेदियुश मातेच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, चढतात. मुलगा कोणत्या गावचा, याला तिथेही तेवढेच महत्त्व आहे. मात्र राजा होण्याइतका मोठा मुलगा गावात सापडतोच, आणि तान्हे मूल दरवर्षी सापडेलच असे नाही.

महामारीच्या काळात प्रथा वेगळ्याच कारणाने अडली. सरकारने ५ आणि ६ जानेवारी २०२१ हे दोन्ही दिवस संपूर्ण देशासाठी ‘लाल’ ठरवले आणि घराबाहेर पडण्यावरच निर्बंध आणले, त्यामुळे गर्दीचा कोणताही देखावा नेहमीसारखा होणे शक्यच नव्हते. तो अडथळा एका मोसमाचा होता. मूल नसण्याचा अडथळा तसा नाही.

तशी वेळ आली तर गावापुढे चार वाटा राहतात: बाहुली ठेवावी, मागच्या वर्षीचे मूल ठेवावे, परगावी राहणाऱ्या रिविसोंदोलीकराचे नातवंड आणावे, किंवा शेजारगावचे बाळ मागावे. बाहुलीला माझा स्पष्ट विरोध आहे. मूर्तींचे सुंदर देखावे नेपल्सच्या सान ग्रेगोरियो आर्मेनो गल्लीत शेकड्यांनी आहेत, आणि जिवंत देखाव्यात एकच गोष्ट निर्जीव राहावी आणि ती नेमकी हीच असावी, हे पटणारे नाही. त्यापेक्षा ग्रेच्चोप्रमाणे गव्हाण रिकामी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. मागच्या वर्षीचे मूल गवतावर टिकणार नाही, ते उठून मेंढ्यांकडे जाईल. परगावच्या नातवंडाची वाट भावनेला जवळची आहे, कारण या डोंगरातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेरच गेली. पण तिने नोंदवहीचा अर्थ बदलतो, आणि जे जानेवारीनंतरही इथेच थंडी काढतात त्यांच्या ऐवजी सुट्टीला येणाऱ्यांची गणती होते.

पाचवी एक वाट आहे. अब्रुत्सोच्या कुरणांवर आज खरोखर मेंढ्या राखणारे हात मोठ्या प्रमाणावर उत्तर मॅसेडोनिया आणि रुमानियातून आलेल्या माणसांचे आहेत. देखाव्यात मेंढपाळाचा वेश चढवणारा बहुधा दुकानदार किंवा हॉटेलात काम करणारा असतो, आणि प्रत्यक्ष मेंढपाळ त्याच वेळी वाड्यात वैरण टाकत असतो. त्यांच्यापैकी एखाद्या घरात मूल जन्मले आणि त्याचे नाव गावच्या नोंदवहीत शेवटी लिहिले गेले, तर प्रथेच्या शब्दाला धरून ते बाळ गव्हाणीत येते. त्यासाठी काहीही बदलावे लागत नाही. आईबाप ऑर्थोडॉक्स असोत वा मुसलमान, त्यांची संमती विचारावी आणि त्यांनी नको म्हटले तर तो शब्द अखेरचा मानावा, एवढीच पुस्ती जोडायची. संमती तर प्रत्येकच आईची हवी. जानेवारीत तिथे पारा शून्याखाली असतो. तान्ह्याला बाहेर काढायचे ते अगदी शेवटच्या प्रसंगापुरते, बाळंत्याच्या आत लोकरीचे दोन थर घालून, आणि राजे वाकून उठले की लगेच खऱ्या आईच्या कुशीत परत द्यायचे.